गोदाम रिकामं ठेवा सांगणारा कारखानदार: टोयोटाच्या किइचिरो टोयोडांची गोष्ट

भेळवाला सकाळीच शंभर प्लेट भेळ कालवून ठेवत नाही. कुरमुरे, शेव, कांदा, चटण्या तयार ठेवतो आणि गिऱ्हाईक आलं की भेळ कालवतो. आधी कालवली तर मऊ पडते. आणि चटणी संपली, तर बाकी सगळं असूनही धंदा थांबतो.

कारखान्यात याला ‘असेंबल टू ऑर्डर’ म्हणतात. सुटे भाग तयार ठेवायचे, जोडणी ऑर्डर आल्यावर करायची. पण मोटारीला हजारो भाग लागतात. मग कुठला भाग किती ठेवायचा? या प्रश्नाला हात घालणाऱ्या सुरुवातीच्या कारखानदारांपैकी एक म्हणजे टोयोटा मोटरचे संस्थापक किइचिरो टोयोडा.

मागाच्या कारखान्यातून मोटारीकडे

किइचिरोंचा जन्म १८९४ सालचा, जपानमधला. वडील साकिची हे स्वयंचलित मागाचे नावाजलेले संशोधक. किइचिरो टोकियोत मेकॅनिकल इंजिनीअर झाले आणि वडिलांच्या कंपनीत आले. मागाचं पेटंट १९२९ मध्ये ब्रिटनच्या प्लॅट ब्रदर्सला दिलं गेलं. किइचिरोंचं लक्ष मात्र मोटारीकडे लागलं होतं.

१९३३ मध्ये मागाच्या कारखान्यातच मोटार विभाग सुरू झाला. १९३७ मध्ये टोयोटा मोटर ही स्वतंत्र कंपनी उभी राहिली.

लागेल तेवढंच, लागेल तेव्हाच

१९३८ मध्ये कोरोमो इथं नवा कारखाना सुरू झाला. तिथं किइचिरोंनी नियम घातला: प्रत्येक विभागाने त्या दिवशी लागतील तेवढेच भाग बनवायचे. साठा करायचा नाही. ‘जस्ट इन टाइम’ या कल्पनेची ही सुरुवात.

हिशोब सरळ होता. पडून असलेला प्रत्येक भाग म्हणजे अडकलेला पैसा आणि नव्या कंपनीकडे पैसाच कमी होता. पण लवकरच युद्ध आलं, कच्चा माल सरकारी नियंत्रणाखाली गेला आणि हा प्रयोग मागे पडला.

१९५० चा फटका

युद्धानंतर महागाई रोखण्यासाठी १९४९ मध्ये जपानमध्ये कडक आर्थिक धोरण आलं. बाजारातला पैसा आटला. गाड्या विकल्या जाईनात, विकलेल्यांचे हप्ते येईनात. टोयोटा दिवाळखोरीच्या दारात पोहोचली.

किइचिरोंनी कामगारांशी करार केला होता: पगारात १० टक्के कपात घ्या, कुणाची नोकरी जाणार नाही. हा शब्द त्यांना पाळता आला नाही. बँकांनी कर्ज देताना अट घातली की विक्रीसाठी वेगळी कंपनी काढा आणि ती विकू शकेल तेवढ्याच गाड्या बनवा. सोबत सुमारे १,६०० कामगार कमी करण्याचा प्रस्ताव आला. संप पेटला. शेवटी जून १९५० मध्ये किइचिरोंनी जबाबदारी घेत अध्यक्षपद सोडलं.

त्याच महिन्याच्या अखेरीस कोरियात युद्ध भडकलं. लगेचच अमेरिकी लष्कराकडून ट्रकच्या मोठ्या ऑर्डर आल्या आणि कंपनी वाचली. किइचिरोंना परत बोलावण्याचंही ठरलं. पण २७ मार्च १९५२ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

उरलेलं अर्धं उत्तर

सुट्या भागांचा साठा आवरणं हे अर्धंच उत्तर होतं. तयार गाडीला गिऱ्हाईक नसेल, तर भाग कितीही वेळेवर येवोत, पैसा अडकतोच. म्हणून जोडणी मागणीला बांधावी लागते.

हे काम इंजिनीअर ताइची ओनो यांनी पुढे नेलं. कल्पना त्यांनी अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून घेतली: गिऱ्हाईक उचलेल तेवढंच फळीवर पुन्हा भरायचं. कारखान्यात पुढच्या विभागाने भाग उचलला की ‘कानबान’ नावाचं कार्ड मागच्या विभागाकडे जातं आणि तेवढेच भाग नव्याने बनतात.

यात धोकाही आहे. १९९७ मध्ये ब्रेकचा एक छोटा भाग पुरवणाऱ्या आयसिन कंपनीच्या कारखान्यात आग लागली आणि टोयोटाचे जपानमधले जवळपास सगळे कारखाने काही दिवस थांबले. साठा किती कमी करायचा आणि कुठे थांबायचं, हा किइचिरोंचा प्रश्न कारखान्यांना आजही सोडवावा लागतो.