दिपलेल्या डोळ्यांचा नियम

सन १८४० च्या सुमारास जर्मनीतल्या लाइपझिग शहरात एक माणूस अंधाऱ्या खोलीत दिवस काढत होता. उजेडाची तिरीपही त्याला सोसत नसे. खोलीबाहेर पाऊल टाकायचे तर डोळ्यांवर पट्टी बांधावी लागे. हा माणूस साधासुधा रुग्ण नव्हता. गुस्टाव थिओडोर फेखनर हे तिथल्या विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते आणि प्रकाश माणसाला कसा जाणवतो, याच प्रश्नाचा ध्यास त्यांना अंधारात घेऊन गेला होता.

फेखनर यांचा जन्म १९ एप्रिल १८०१ रोजी आज पोलंडमध्ये असलेल्या एका खेड्यात झाला. वडील गावचे पाद्री होते. मुलगा पाच वर्षांचा असतानाच ते वारले. सोळाव्या वर्षी फेखनर वैद्यकशास्त्र शिकायला लाइपझिगला आले आणि आयुष्यभर तिथेच राहिले. डॉक्टरकी मात्र त्यांनी कधी केली नाही. त्या काळच्या वैद्यकाची त्यांनी टोपणनावाने थट्टाच केली. आयोडीन हे सर्व रोगांवरचे औषध समजले जात होते, तेव्हा चंद्रच आयोडीनचा बनलेला आहे, असे त्यांनी गंभीर चेहऱ्याने सिद्ध करून दाखवले. पोटासाठी त्यांनी भौतिक आणि रसायनशास्त्राच्या जाडजूड फ्रेंच ग्रंथांची भाषांतरे केली. त्यातूनच भौतिकशास्त्राची गोडी लागली आणि १८३४ मध्ये ते त्या विषयाचे प्राध्यापक झाले.

या सुमारास त्यांना एका गोष्टीने पछाडले. तेजस्वी वस्तूकडे पाहून डोळे मिटले, तरी तिची रंगीत सावली काही वेळ दिसत राहते. हा अनुभव आपल्यालाही आहे. ती का दिसते, तिचे रंग का बदलतात, हे पाहण्यासाठी फेखनर रंगीत काचांमधून वारंवार सूर्याकडे पाहू लागले. रंगीत काच चकाकी कमी करते, पण अपायकारक किरण ती पुरते अडवतेच असे नाही. डोळ्यातले भिंग सूर्याचा प्रकाश दृष्टिपटलाच्या नेमक्या मध्यावर, म्हणजे ज्या जागेने आपण वाचतो आणि चेहरे ओळखतो तिथेच, एकवटते. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. त्यामुळे तिथे इजा होत असताना माणसाला पत्ताही लागत नाही.

पुढचा आजार केवळ डोळ्यांचा राहिला नाही. वर्षानुवर्षांच्या अतिश्रमाने शरीर आणि मन दोन्ही थकले होते. अन्न जाईना, विचार ताब्यात राहीनात, शिकवणे थांबले आणि प्राध्यापकपदही सुटले. जवळजवळ तीन वर्षे पत्नी क्लारा आणि थोड्या आप्तांच्या आधाराने ते जगले. १८४३ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांना हळूहळू उजेड सोसू लागला. पट्टी काढून ते बागेत गेले, तेव्हा फुलांचे रंग त्यांना इतके जिवंत वाटले, की पुढे १८४८ मध्ये वनस्पतींना आत्मा असतो, असे मांडणारे एक पुस्तकच त्यांनी लिहिले.

उजेडाचा मूळ प्रश्न मात्र सुटला नव्हता. २२ ऑक्टोबर १८५० च्या सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या त्यांना त्याची किल्ली सापडली. ती त्यांचे गुरू अर्न्स्ट हाइनरिख वेबर यांच्या निरीक्षणाशी जुळणारी होती. हातातले वजन वाढल्याचे कळायला किती ग्रॅम वाढले याला महत्त्व नसते, मुळात होते त्याच्या कितव्या हिश्शाने वाढले याला असते, हे वेबर यांनी दाखवले होते. फेखनर यांनी तोच नियम प्रकाशाला लावला. आकाशातल्या ढगांच्या दोन छटांमधला जेमतेम जाणवणारा फरक त्यांनी आधी नुसत्या डोळ्यांनी आणि मग करड्या काचेतून पाहिला. काचेमुळे एकूण प्रकाश पुष्कळ कमी झाला, तरी फरक तितकाच जाणवत राहिला. दोन्ही छटा सारख्याच प्रमाणात मंदावल्या होत्या आणि त्यांचे गुणोत्तर बदललेले नव्हते.

अंधाऱ्या खोलीत एका दिव्याला दुसरा जोडला, तर केवढा फरक पडतो! शंभर दिव्यांच्या मांडवात आणखी एक लावला, तर जेमतेम कोणाच्या लक्षात येईल. प्रकाश पटीपटीने वाढतो, तेव्हा त्याची जाणीव पायरीपायरीने वाढते. १८६० मध्ये दोन खंडांच्या ग्रंथात फेखनर यांनी हे गणितात मांडले. मनाच्या अनुभवाला मोजपट्टी लावणारे शास्त्र त्यातून उभे राहिले. विसाव्या शतकात स्टीव्हन्स यांनी या सूत्रात दुरुस्ती सुचवली, पण डोळा गुणोत्तर पाहतो, हा गाभा टिकून आहे.

डोळे दिपले की दिसेनासे का होते, याचे उत्तर याच गाभ्यात आहे. रात्रीच्या रस्त्याची उजळता १ आणि कडेने चालणाऱ्या माणसाची २ धरू. फरक दुपटीचा, म्हणून माणूस स्पष्ट दिसतो. इतक्यात समोरून प्रखर झोत येतो. त्याचा काही प्रकाश डोळ्याच्या आत विखुरतो आणि सगळ्या दृश्यावर धुक्यासारखा पसरतो. हे धुके १०० चे धरले, तर रस्ता १०१ आणि माणूस १०२ होतो. फरक शंभरात एक इतकाच उरला. प्रकाशाच्या बाबतीत आपल्याला जाणवणाऱ्या फरकाची फेखनर यांनी नोंदलेली सीमाही साधारण एवढीच आहे. माणूस तिथेच असतो, उजेड तर वाढलेला असतो, तरी तो दिसत नाही. १९२६ मध्ये होलाडे यांनी प्रयोगांनी दाखवले, की झगझगाटाचा परिणाम असा प्रकाशाचा पडदा मध्ये आल्यासारखाच असतो.

वय वाढते तसे डोळ्यातले भिंग गढूळ होते आणि हे विखुरणे वाढते. आमच्या बाह्यरुग्ण विभागात असे रुग्ण नेहमी येतात. तक्त्यावरची अक्षरे ते नीट वाचतात, पण रात्री समोरून गाडी आली की क्षणभर आंधळे होतात. नुसत्या तक्त्याच्या तपासणीत सुरुवातीचा मोतीबिंदू निसटू शकतो. म्हणून ही तक्रार डॉक्टरांना आपणहून सांगा. गाडीची काच आणि चष्मा स्वच्छ ठेवा, रात्री गडद चष्मा घालू नका आणि समोर वाहन दिसताच दिवा डिपरवर घ्या. ग्रहण असो वा नसो, सूर्याकडे थेट किंवा साध्या रंगीत काचेतून पाहू नका.

फेखनर १८ नोव्हेंबर १८८७ रोजी लाइपझिगमध्येच वारले. त्यांच्या डोळ्यांनी मोजलेली किंमत मोठी होती. आपल्याला तीच पुन्हा मोजण्याचे कारण नाही.