सोन्याच्या वर्खातून सापडलेला स्विच

हॉल इफेक्ट म्हटलं की आपल्याला परीक्षेतली शॉर्ट नोट आठवते. व्याख्या, आकृती, फॉर्म्युला, चार उपयोग, संपलं! हॉल नावाचा कोणी माणूस होता, हे लक्षातही येत नाही. माझ्या लक्षात आलं ते उमरीला एक छोटं मशीन करताना. आमच्याकडे शेतीच्या मोटारी जळाल्या की रिवाइंडिंगला येतात. तारेचे वेढे मोजताना मध्येच कोणी हाक मारली की आकडा चुकतो. म्हणून हाताने फिरवायच्या वाइंडिंग मशीनच्या चाकाला एक लोहचुंबक चिकटवला आणि समोर तीन पायांचा हॉल सेन्सर बसवला. चुंबक समोरून गेला की एक वेढा. कुठे काही घासत नाही, ठिणगी उडत नाही, धूळ-तेलाचा त्रास नाही. साध्या स्विचच्या पट्ट्या दाबताना थरथरतात आणि एकाचे तीन मोजतात, तेही इथे नाही. हे कसं चालतं ते शोधताना मी हॉल यांच्या चरित्रापर्यंत पोचले.

एडविन हर्बर्ट हॉल यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८५५ रोजी अमेरिकेतल्या मेन राज्यात झाला. १८७५ मध्ये ते पदवीधर झाले, दोन वर्षं शाळेत हेडमास्तर होते, आणि १८७७ मध्ये फिजिक्स शिकायला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हेन्री रोलंड या प्राध्यापकांकडे आले.

तिथे त्यांनी मॅक्सवेल यांचा १८७३ चा प्रसिद्ध ग्रंथ वाचायला घेतला. त्यात लिहिलं होतं की चुंबकाचा जोर तारेवर पडतो, तारेतल्या करंटवर नाही. हॉल यांना हे पटेना. तार नुसती पडून असली तर चुंबक तिला ढकलत नाही. करंट सोडला तरच ढकलतो. मग जोर करंटवर का नसावा? मॅक्सवेल म्हणजे त्या काळचा शेवटचा शब्द. तरी हा विद्यार्थी सरळ सरांकडे गेला. सरांनाही हीच शंका होती आणि त्यांनी एकदा प्रयोगही करून पाहिला होता, पण हाती काही लागलं नव्हतं.

हॉल यांचाही पहिला प्रयोग फसला. मग त्यांनी जाड धातूऐवजी काचेवर चिकटवलेला सोन्याचा वर्ख घेतला. त्यातून करंट सोडला, वर्ख चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ठेवला आणि दोन्ही कडांना गॅल्व्हानोमीटर जोडला. २८ ऑक्टोबर १८७९ रोजी काटा हलला! करंट एका कडेला ढकलला जात होता. हॉल तेव्हा २३ वर्षांचे होते, म्हणजे आपल्याच वयाचे. त्यानंतर आठच दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, मॅक्सवेल वारले. त्यांना हे कळलंही नसणार. आणि इलेक्ट्रॉनचा शोध तर १८९७ चा!

वर्खच का? कारण पट्टी जितकी पातळ, तितकं हे आडवं व्होल्टेज जास्त. पण धातूत मोकळे इलेक्ट्रॉन फार असतात, त्यामुळे ते तरीही अगदी नगण्य असतं. सेमीकंडक्टरमध्ये ते खूप कमी, म्हणून व्होल्टेज मोठं. त्यामुळे या शोधाचा स्विच व्हायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. सेन्सर, ॲम्प्लिफायर आणि स्विच एकाच चिपवर आले. आज इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटारीत रोटर कुठे आहे ते हेच सेन्सर सांगतात.

हॉल यांनी यातलं काही पाहिलं नाही. १८८१ पासून १९२१ पर्यंत ते हार्वर्डमध्ये शिकवत राहिले. तिथे त्यांनी अजून एक काम केलं, जे मला शोधाइतकंच मोठं वाटतं. शाळेतल्या मुलांनी फिजिक्स नुसतं पाठ न करता स्वतःच्या हाताने करावं, म्हणून त्यांनी सुमारे ४० प्रयोगांची यादी तयार केली. हार्वर्डच्या प्रवेशासाठी ती वापरली जाऊ लागली आणि अमेरिकेतल्या कितीतरी शाळांत प्रयोगशाळा आल्या. २० नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांचं निधन झालं.

आपल्याकडे प्रॅक्टिकल म्हणजे एकाने रीडिंग घ्यायचं आणि बाकीच्यांनी जर्नलमध्ये उतरवायचं. पुस्तकात छापलंय म्हणजे बरोबरच, हेही आपण धरूनच चालतो. हॉल यांनी तसं धरलं असतं, तर तो काटा तेव्हा तरी त्यांच्या हातून हललाच नसता. तेव्हा पुढच्या वेळी ही शॉर्ट नोट लिहाल, तेव्हा बाजारातून एक हॉल सेन्सर आणा. जुन्या स्पीकरचा चुंबक, एक एलईडी आणि एक रेझिस्टर एवढंच लागतं. आधी तो एलईडी पेटवा, मग व्याख्या लिहा.