प्लेगाशी झुंजणारे हाफकिन

लष्करातील आपल्या पुष्कळ कुटुंबांत प्लेगाच्या दिवसांतील गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आहेत. मेलेला उंदीर दिसताच उडालेली पळापळ, गाव सोडून माळावर झोपड्यांत काढलेले महिने, टोचून घ्यावे की न घ्यावे यावरून भावाभावांत झालेले तंटे, हे कोणी ना कोणी आजीच्या तोंडून ऐकलेले असते. परंतु ती टोचणी ज्यांनी सिद्ध केली, त्यांचे नाव परळच्या एका संस्थेच्या पाटीपलीकडे फारसे कोणास ठाऊक नसते. म्हणून वाल्देमार हाफकिन यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सादर करीत आहोत.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओदेसा शहरी एका यहुदी कुटुंबात झाला. प्राणिशास्त्राच्या अभ्यासात त्यांना मेच्निकॉफ यांच्यासारखा गुरू लाभला. ख्रिस्ती धर्म स्वीकारला असता तर विद्यापीठात अध्यापकाची जागा मिळण्यासारखी होती. हाफकिन यांनी तो मार्ग नाकारला. १८८८ साली त्यांनी देश सोडला आणि जिनीव्हामार्गे ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले. तेथे आरंभी त्यांना मिळाली ती ग्रंथपालाची जागा! वैद्यकाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे ती त्यांना पुष्कळ भोवली.

पॅरिसमध्ये त्यांनी पटकीवर, म्हणजे कॉलऱ्यावर, लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. १८९३ च्या मार्चमध्ये ते कलकत्त्यास उतरले आणि एप्रिलमध्ये आपल्या ग्वाल्हेरच्या शेजारच्या आग्र्यात त्यांनी कामास आरंभ केला. पुढील दोनएक वर्षांत ४० हजारांहून अधिक माणसांना त्यांनी टोचले. सक्ती कोणावरही केली नाही. कलकत्त्याच्या एका बस्तीत २०० वस्तीपैकी ११६ जणांनी टोचून घेतले. नंतर तेथे पटकीचे १० रोगी निघाले व ७ दगावले. ते सर्व न टोचलेल्यांपैकी होते.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला. सरकारने हाफकिन यांना पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली व एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्या सामग्रीवर त्यांनी काम सुरू केले. मांसाच्या रसात प्लेगाचे जंतू वाढवावयाचे. त्यासाठी त्यांनी रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या थेंबांना धरून जंतूंची वाढ गुहेच्या छतातून लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांप्रमाणे खाली उतरे. मग उष्णता देऊन जंतू मारावयाचे आणि थोडे कार्बोलिक ॲसिड घालून बाटल्या भरावयाच्या. आपल्या देवघरातील निरांजनाचे तूप एका प्राणघातक रोगाच्या प्रयोगशाळेत असे उपयोगी पडले, याचे आम्हांस मोठे नवल वाटते.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही प्रथम स्वतःस टोचली, आणि तीही पुढे सर्वसाधारणपणे दिल्या जाणाऱ्या मात्रेच्या कितीतरी पट. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांपैकी सुमारे निम्म्यांनी आपखुशीने टोचून घेतले. न टोचलेल्यांत १२ जणांना रोग होऊन ६ मेले. टोचलेल्यांत दोघांना झाला व दोघेही वाचले.

हे ते वर्ष की, ज्यात पुण्यात घरझडतीच्या जुलमाने लोक पेटले आणि रँडचा वध झाला. सरकारी माणूस आणि त्याच्या हातातील सुई यांचा लोकांस विश्वास कसा वाटावा? आगाखानांनी चारचौघांदेखत टोचून घेतले आणि प्रयोगशाळेसाठी स्वतःची इमारत दिली, त्याने पुष्कळांचे भय गेले. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर-निवासात आली.

आणि मग मुलकोवाल. आता पाकिस्तानात असलेल्या पंजाबातील त्या गावी ३० ऑक्टोबर १९०२ रोजी १०७ जणांस लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस ज्यांना मिळाली, त्या १९ जणांस थोड्याच दिवसांत धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. सरकारी चौकशी समितीने दोष परळच्या प्रयोगशाळेकडे दिला. लस करण्याच्या नव्या पद्धतीत हाफकिन यांनी कार्बोलिक वगळले होते, हे मोठे कारण दाखविले गेले. त्यांना पदावरून दूर करण्यात आले. पदवीवाचून एवढा मान मिळविणारा हा परदेशी यहुदी अनेक अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत सलत होताच, असे आमचे मत आहे.

वास्तविक बाटली उघडताना तेथील मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. बाटली मुंबईहूनच दूषित आली असती तर एवढ्या दिवसांत तिला दुर्गंधी सुटली असती. तशी ती आली नव्हती. ही गोष्ट कागदोपत्री असूनही हाफकिन यांना पाच वर्षे झगडावे लागले. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स पत्रात त्यांची बाजू मांडली, तेव्हा कोठे नोव्हेंबरात ते निर्दोष ठरले. मृत्यू पावलेल्या १९ जणांच्या घरांस मात्र त्या निर्णयाने काय मिळाले असेल?

हाफकिन पुन्हा हिंदुस्थानात आले, पण परळला नव्हे. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत त्यांना जुन्याच पगारावर नेमले गेले आणि मोठे कार्य हाती येऊ दिले गेले नाही. १९१४ च्या सुमारास निवृत्त होऊन ते युरोपात परतले. त्यांनी विवाह केला नाही. उत्तर आयुष्यात स्वधर्माचे आचार ते निष्ठेने पाळीत, आणि आपली संपत्ती त्यांनी पूर्व युरोपातील यहुदी धर्मपाठशाळांसाठी ठेवली.

१८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगाच्या लसीच्या २ कोटी ६० लाख मात्रा देशोदेशी गेल्या. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेस हाफकिन यांचे नाव देण्यात आले. ते वृत्त त्यांना हयातीत समजले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे देहावसान झाले.