खिळे घासणारा मुलगा : जावजी दादाजी

आपण कीबोर्डचं बटण दाबतो आणि स्क्रीनवर ‘क्ष’ उमटतो. पण एकेकाळी हा ‘क्ष’ हाताने पोलादात कोरावा लागायचा. त्या काळातले एक थोर मुद्रक म्हणजे निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी चौधरी.

त्यांचा जन्म १८३९ चा. घरी गरिबी, वडील लवकर गेले, त्यामुळे शाळा फारशी झालीच नाही. लहान वयातच ते मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये महिना दोन रुपयांवर खिळे घासायला लागले. खिळा म्हणजे शिशाचा छोटा टाइप, त्याच्या टोकावर उलटं अक्षर. पुढे त्यांनी इंदुप्रकाश छापखान्यातही काम केलं.

खिळा बनवायचा कसा? आधी पोलादाच्या पंचवर अक्षर कोरायचं, पंच तांब्यात ठोकून साचा करायचा आणि त्यात वितळलेलं शिसं ओतायचं. इंग्रजीला २६ अक्षरं, पण आपल्याकडे काना, मात्रा, जोडाक्षरं धरली की शेकडो खिळे लागतात! आणि सगळे एका उंचीचे हवेत, नाहीतर काही अक्षरं पुसट उमटतात.

१८६४ मध्ये जावजींनी स्वतःचा टाइप ओतायचा कारखाना काढला. अक्षरं कोरायला राणोजी रावजी आरू हे कुशल मित्र सोबत होते. निर्णयसागर छापखाना आला त्यानंतर, १८६९ मध्ये. म्हणजे आधी अक्षर, मग छापखाना! १८८६ पासून तिथे ‘काव्यमाला’ निघू लागली आणि कितीतरी जुने संस्कृत ग्रंथ पहिल्यांदा छापून लोकांपर्यंत पोचले. शाळा सुटलेल्या माणसाच्या अक्षरांत पंडित लोक कालिदास वाचू लागले. १८९२ मध्ये जावजी गेले, तेव्हा त्यांनी पन्नाशी नुकतीच ओलांडली होती.

आपलं काम त्यामानाने किती सोपं! लॅबच्या मशीनवर मराठी फॉन्ट नसेल आणि अ‍ॅडमिन पासवर्डही नसेल, तर आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ फुकट उतरवून घ्या, आपल्याच होम फोल्डरमध्ये ठेवा आणि झीलेटेकच्या फाइलमध्ये फॉन्टस्पेकला त्या फोल्डरचा पाथ द्या. बस्स, कुणाची परवानगी नको. निदान प्रोजेक्ट रिपोर्टमधलं आभाराचं पान तरी मराठीत करूया की! आईबाबांना वाचता येईल.