तालीम न सोडलेला वस्ताद

लातूर : निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले. पुढच्याच वर्षी एडिंबरो येथील राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले.

मल्लाची खरी कसोटी मात्र मैदान सुटल्यावर लागते. मेहनत थांबते, पण खुराकाची सवय सुटत नाही आणि पोट वाढू लागते. पुरुषांमधील टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक वयानुसार हळूहळू घटतेच. पोटावरील चरबी आणि अपुरी झोप ही घट वाढवितात. परिणामी स्नायू क्षीण होतात, उत्साह ओसरतो.

बिराजदार यांनी कुस्ती थांबविली, तालीम नाही. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी काका पवार, राहुल आवारे यांच्यासारखे मल्ल घडविले. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. २०१८ मध्ये आवारे यांनी राष्ट्रकुल सुवर्ण जिंकले.

लवकर निजणे, पहाटे उठणे, जोर-बैठका आणि निर्व्यसनीपणा ही तालमीची जुनी शिस्त. चाळिशी ओलांडलेल्या पुरुषांना आजचे वैद्यकशास्त्रही जवळपास हेच सांगते. त्यासाठी लाल माती लागत नाही. घरातील सतरंजीही पुरते. थकवा हटतच नसेल, तर परस्पर औषधे न घेता रक्ततपासणी करून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.