डॉ. तालिमेरेन आओ

कलकत्त्याच्या मोहन बागान क्लबाचे नाव निघाले की १९११ साली ईस्ट यॉर्कशायर पलटणीस हरवून शील्ड जिंकणाऱ्या, आणि एक गडी सोडता अनवाणी खेळलेल्या संघाचे स्मरण होते, ते यथोचितच आहे. त्याच क्लबाच्या पुढील पिढीतील एका खेळाडूचे चरित्र मात्र आम्हांस अधिक मननीय वाटते.

तालिमेरेन आओ ह्यांचा जन्म २८ जानेवारी १९१८ रोजी नागा टेकड्यांतील चांगकी गावी झाला. वडील सुबोंगवाती हे ख्रिस्ती धर्मोपदेशक. बारा भावंडांत तालिमेरेन चौथे. खरा चेंडू कोठला? चिंध्यांचा चेंडू करून मुले खेळत. १९३५ साली विषमज्वराने वडिलांचे निधन झाले. मुलाने डॉक्टर व्हावे व आपल्या लोकांची सेवा करावी, ही त्यांची इच्छा होती. सतरा वर्षांच्या मुलाने ती शिरोधार्य मानली.

शिक्षणासाठी ते गौहत्तीच्या कॉटन कॉलेजात गेले व तेथे महाराणा क्लबाकडून खेळू लागले. पुढे वैद्यकीय शिक्षणाकरिता कलकत्त्यास आले आणि १९४३ मध्ये मोहन बागानात दाखल झाले. आघाडीवर खेळणारा हा तरुण येथे बचावाचा आधारस्तंभ बनला, आणि क्लबाचे कर्णधारपदही त्यास लाभले. मुलाच्या पायाशी चेंडू आला की पुस्तक हातचे गेले, असे आमच्या घरांतून सहज बोलले जाते. सकाळी शवविच्छेदन व सायंकाळी मैदान अशी वर्षे काढणाऱ्या ह्या विद्यार्थ्याकडे त्या वडीलधाऱ्यांनी अवश्य पाहावे.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचा ध्वज वाहण्याचा मान त्यांस मिळाला. फुटबॉल संघाचे कर्णधारही तेच होते. ३१ जुलै रोजी इलफर्डच्या मैदानावर फ्रान्सशी गाठ पडली. आपले बहुतेक गडी अनवाणी, काहींच्या पायांस नुसत्या पट्ट्या. समोर बूट घातलेले कसलेले खेळाडू. फ्रान्सने पहिला गोल केला. सत्तराव्या मिनिटास सारंगपाणी रामन ह्यांनी बरोबरी साधली. परंतु मिळालेल्या दोन्ही पेनल्टी वाया गेल्या, आणि सामना संपावयास एक मिनिट उरले असता फ्रान्सने दुसरा गोल केला. एक विरुद्ध दोन! पराभव तो पराभवच. तथापि त्या दिवसापासून भारतीय फुटबॉलची इंग्लंडात वाखाणणी झाली, हे खरे.

अशा कीर्तीच्या भरात पुष्कळांस मैदान सोडवत नाही. शिवाय कलकत्त्यासारखे नगर, आणि तेथील प्रेक्षकांचे प्रेम! तालिमेरेन ह्यांनी १९५० साली वैद्यकीय पदवी संपादन केली आणि ते ईशान्येकडे परतले. दिब्रुगढ येथे काही काळ काम करून ते कोहिमाच्या रुग्णालयात साहाय्यक सिव्हिल सर्जन झाले. त्या डोंगराळ मुलखात डॉक्टर दुर्मिळ. तेव्हा ह्या परतण्याचे मोल आम्ही एखाद्या विजयचषकाहून कमी मानीत नाही. १९६३ साली नागालँड राज्य अस्तित्वात आल्यावर तेथील आरोग्य सेवांच्या संचालकपदाची जबाबदारी त्यांच्याकडे आली, व १९७८ मध्ये ते सेवानिवृत्त झाले.

खेळाविषयीचे त्यांचे प्रेम त्यानंतरही ओसरले नाही. १३ सप्टेंबर १९९८ रोजी त्यांचे देहावसान झाले. दिमापूरच्या भूमीत ते चिरविश्रांती घेत आहेत, आणि ईशान्येकडील संघांच्या एका फुटबॉल स्पर्धेचा चषक त्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला.