विश्लेषण : होमर, मँचेस्टर आणि घरचे लग्न... मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू न्या. तेलंग कोण होते?

आंतरराष्ट्रीय घडामोडी किंवा इतिहास यांवरचे खुले व्याख्यान मुंबईकरांना नवे नाही. पण दीडशे वर्षांपूर्वी, विद्यापीठात शिकवणीचे वर्गही नव्हते तेव्हा, या शहरातला एक तरुण वकील व्याख्यानपीठावरून बर्लिनच्या प्राध्यापकांना आणि मँचेस्टरच्या गिरणीमालकांना उत्तर देत होता. पुढे तो विद्यापीठाचा पहिला भारतीय कुलगुरू झाला. मात्र त्याच्या शेवटच्या वर्षात प्रश्न विचारला गेला तो त्याच्या घरातल्या एका लग्नावरून. काशीनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या ४३ वर्षांच्या आयुष्याचा हा आढावा.

तेव्हाचे विद्यापीठ कसे होते?

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले, ते परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी संस्था म्हणून. शिकवण्याचे काम महाविद्यालये करत. विद्यापीठाचे स्वतःचे अध्यापन विभाग विसाव्या शतकात उभे राहिले. अभ्यासक्रमाबाहेरचे जग समजून घ्यायचे तर सभा-संस्थांकडे जावे लागे. त्यांतली महत्त्वाची संस्था म्हणजे एल्फिन्स्टनच्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांनी १८४८ मध्ये सुरू केलेली स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी. तिथे निबंध वाचले जात आणि त्यावर चर्चा होई. मराठी व गुजराती श्रोत्यांसाठी तिच्या ज्ञानप्रसारक शाखा होत्या. याच संस्थेने मुलींच्या शाळा काढल्या. त्यासाठी जगन्नाथ शंकरशेट यांनी गिरगावात आपली जागा दिली. तेलंग पुढे या सोसायटीचे अध्यक्ष झाले.

तेलंग यांची जडणघडण कशी झाली?

जन्म ३० ऑगस्ट १८५०, मुंबईतल्या गौड सारस्वत कुटुंबात. काका त्र्यंबक यांनी त्यांना दत्तक घेतले. शिक्षण एल्फिन्स्टन हायस्कूल आणि एल्फिन्स्टन कॉलेजात झाले. १८६७ मध्ये, म्हणजे सतराव्या वर्षी, ते बी.ए. झाले. मग एम.ए. आणि कायद्याची पदवी. काही काळ त्यांनी शाळेत शिकवले आणि १८७२ पासून उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. संस्कृत आणि इंग्रजी या दोन्हींवर त्यांचा सारखा हात होता. दिवसा कोर्टाचे काम आणि उरलेल्या वेळात ग्रंथ, हा क्रम शेवटपर्यंत राहिला.

रामायण आणि होमरचा वाद काय होता?

बर्लिनचे प्राध्यापक आल्ब्रेख्त वेबर हे युरोपातले मोठे संस्कृत पंडित. १८७० मध्ये त्यांनी असा तर्क मांडला की, सीतेचे हरण आणि लंकेवरची स्वारी या कथाभागांवर होमरच्या हेलन आणि ट्रॉयच्या कथेची छाया असावी. वरवर हा पंडितांचा वाद दिसतो. पण त्यामागचा प्रश्न मोठा होता. भारताकडे स्वतःचे असे काय आहे, की सगळेच उसने आहे?

तेलंगांनी याला उत्तर देणारा निबंध सोसायटीपुढे वाचला. १८७३ मध्ये तो पुस्तकरूपाने निघाला. तेव्हा ते जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचे होते. त्यांनी श्रद्धेचा आधार घेतला नाही. दोन कथांत साम्य आहे एवढ्यावरून एकाने दुसऱ्याची उचलली असे सिद्ध होत नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. तो त्यांनी ग्रंथांचा काळ आणि संस्कृत साहित्यातले संदर्भ तपासत मांडला. भगवद्गीतेवर बायबलचा प्रभाव असल्याच्या लोरिन्झर यांच्या मतालाही त्यांनी १८७५ च्या आपल्या पद्य भाषांतराच्या प्रस्तावनेत असेच उत्तर दिले. १८८२ मध्ये मॅक्स म्युलर यांच्या सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट या मालेत गीतेचा आठवा खंड निघाला, तो तेलंगांच्या इंग्रजी गद्य भाषांतराचा.

गिरण्यांशी त्यांचा काय संबंध?

मुंबईत कापडगिरणीचा पाया १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी घातला. पुढे परळ-लालबागचा परिसर भोंग्यावर चालू लागला. मँचेस्टरच्या गिरणीमालकांना ही स्पर्धा नको होती. भारतात येणाऱ्या विलायती कापडावरची जकात काढा, अशी त्यांची मागणी होती. तिला नाव होते खुल्या व्यापाराचे.

१८७७ मध्ये तेलंगांनी भारताच्या दृष्टीने खुला व्यापार आणि संरक्षण या विषयावर निबंध वाचला. खुल्या व्यापाराचे तत्त्व सर्व देशांना सर्व काळी सारखे लागू होत नाही, हे त्यांनी पाश्चात्त्य अर्थशास्त्र्यांच्याच विचारांचा आधार घेऊन मांडले. बाळसे धरणाऱ्या उद्योगाला काही काळ आधार लागतो, असे त्यांचे म्हणणे. सरकारने मात्र १८८२ मध्ये कापडावरील आयात जकात रद्द केली. तेलंगांचा पक्ष त्या वेळी हरला. पण आयात शुल्क आणि देशी उद्योग यांची आजची चर्चाही याच प्रश्नाभोवती फिरते.

राजकारणात ते कुठे होते?

फिरोजशहा मेहता, बद्रुद्दीन तय्यबजी आणि तेलंग हे तेव्हाच्या मुंबईतले त्रिकूट. भारतीय न्यायाधीशांना युरोपीय आरोपींचे खटले चालवण्याचा अधिकार जिल्ह्यांतही देणारे इल्बर्ट विधेयक १८८३ मध्ये आले. युरोपीयांनी त्याविरुद्ध काहूर माजवले. २८ एप्रिलला टाऊन हॉलमध्ये विधेयकाच्या बाजूने सभा झाली, तीत हे तिघेही बोलले. अखेर विधेयक पातळ होऊनच मंजूर झाले. जानेवारी १८८५ मध्ये तिघांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन उभारली. त्याच डिसेंबरात काँग्रेसचे पहिले अधिवेशन गोवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरले, त्याच्या आयोजनातही तेलंग होते.

१८८९ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १८९२ मध्ये कुलगुरुपद आले आणि एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे अध्यक्षपदही.

मग वाद कशावरून झाला?

१८८६ मध्ये सोसायटीपुढेच तेलंगांनी विषय घेतला होता, सामाजिक सुधारणा आधी की राजकीय? जिथे विरोध कमी तिथून पुढे जावे, सामाजिक प्रश्न सुटेपर्यंत राजकीय हक्कांची मागणी थांबवू नये, असे त्यांचे मत होते. याचा अर्थ ते सुधारणेच्या विरोधात होते असा नाही. मुलींसाठी संमतीवय दहावरून बारा करणाऱ्या १८९१ च्या कायद्याला त्यांनी पाठिंबा दिला होता.

मराठ्यांच्या बखरींवरच्या त्यांच्या निबंधातही हा धागा दिसतो. लढायांपेक्षा त्यांनी त्या काळचा समाज आणि रूढी यांकडे पाहिले. परशुरामभाऊ पटवर्धनांनी आपल्या बालविधवा मुलीच्या पुनर्विवाहाचा विचार केला होता, ही हकीकत त्यांनी नोंदवली. रूढी पूर्वीही अचल नव्हत्या, हे इतिहासातून दाखवण्याचा तो प्रयत्न होता.

आणि १८९३ मध्ये याच तेलंगांनी आपल्या आठ वर्षांच्या मुलीचे लग्न लावून दिले. सुधारकांना धक्का बसला, टीका झाली. काही महिन्यांतच, १ सप्टेंबर १८९३ रोजी, तेलंगांचे निधन झाले. न्या. महादेव गोविंद रानडे यांनी १८९५ मध्ये तेलंगांच्या विचारपद्धतीवर स्वतंत्र व्याख्यान दिले. म्हणजे मित्रांनाही हा प्रश्न टाळता आला नाही.

आज तेलंग का वाचावेत?

बखरींवरचा त्यांचा निबंध १९०० मध्ये रानडे यांच्या मराठ्यांच्या सत्तेवरील ग्रंथाला जोडून प्रसिद्ध झाला. लेसिंग या जर्मन लेखकाचे धर्मसहिष्णुतेवरचे नाटक आणि स्थानिक स्वराज्यावरचे एक इंग्रजी पुस्तक त्यांनी मराठीत आणले. तरीही त्यांची मोठी व्याख्याने इंग्रजीतच राहिली. गिरणीच्या जकातीवर ते बोलले, पण गिरणीत राबणाऱ्याला ते समजण्याची सोय नव्हती. ही त्या काळच्या व्याख्यानांची मर्यादा.

परक्या पंडिताचे मत पुराव्याने तपासणे आणि जागतिक व्यापाराचा आपल्या शहरावरचा परिणाम ओळखणे, या दोन गोष्टी तेलंगांनी मुंबईच्या व्याख्यानपीठाला दिल्या. आठ वर्षांच्या त्या मुलीला मात्र त्यांतले काहीच उपयोगी पडले नाही. तेलंगांचे चरित्र वाचताना या दोन्ही नोंदी शेजारी ठेवाव्या लागतात.